शाळेचा हिवाळा आणि घरची सुगी

आपल्याकडील प्राथमिक शाळेचे वर्ष जून महिन्यात सुरू होते. परंतु शाळा गावाच्या नजरेत भरते ती दिवाळीची सुटी संपल्यावर. पावसाळ्यात शाळा म्हणजे गळके छप्पर, चिखलाने माखलेले पाय आणि पटावर नावे चढविण्यासाठी गुरुजींची चाललेली धावपळ. उन्हाळ्यात सकाळची शाळा आणि परीक्षा. मधले जे तीन महिने, साधारण कार्तिक सरल्यापासून माघ संपेपर्यंतचे, त्यांत शाळा वर्गाच्या चार भिंतींतून बाहेर येते. मैदानावर फक्कीच्या रेघा पडतात, लंगडीचे व खोखोचे सामने लागतात, सहलीची वर्गणी गोळा होते, संमेलनातील नाचासाठी आईचे लुगडे दुमडून पोरीला नेसविले जाते. ३ जानेवारीस सावित्रीबाई फुले यांची जयंती होते. संक्रांतीच्या सुमारास मातापालकांचे हळदीकुंकू आणि तिळगूळ. २६ जानेवारीस प्रभातफेरी. एरवी मुलाला फाटकाशी सोडून परतणारे आईबाप या दिवसांत शाळेच्या आत येतात, सतरंजीवर बसतात आणि आपले मूल चारचौघांत कसे उभे राहते ते पाहतात.

या साऱ्यास आपण 'उपक्रम' असे एक कचेरीतले नाव देऊन ठेवले आहे. त्यामुळे पुष्कळांचा असा समज होतो की, ही अलीकडची हौस आहे. मूळ शिक्षण वेगळे आणि हा वर्षाकाठचा गोडधोडाचा भाग वेगळा. आम्हांस तसे वाटत नाही. शाळा आणि कुटुंब यांचे नाते जडण्याचा व तुटण्याचा काळ महाराष्ट्रात प्रायः हिवाळाच राहिला आहे. याचे कारण अगदी साधे आहे. जो काळ शाळेच्या समारंभाचा, तोच काळ शेतकऱ्याच्या घरी सुगीचा. शाळा म्हणते, मुलाला पाठवा. शेत म्हणते, मुलाला राहू द्या. या ओढाताणीत कोण कोणाकडे किती पावले चालून गेले, याचा इतिहास आज आपणांपुढे थोडक्यात मांडावयाचा आहे.

प्रथम जुन्या काळाकडे पाहू. इंग्रजी अमलापूर्वी व त्याच्या आरंभी आपल्या गावांतून ज्या शाळा चालत, त्यांना स्वतःची इमारत क्वचितच असे. कोणाच्या वाड्याचा ओटा, देवळाची ओवरी किंवा पंतोजींच्या घरची पडवी, हीच शाळा. धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवायची, पाढे घोकायचे, पुढे मोडी वळण आणि हिशेब. पंतोजींचे वेतन पुष्कळ ठिकाणी रोकडीपेक्षा धान्यात येई आणि धान्य येई ते सुगीला. म्हणजे गुरुजींची चूलही पिकावरच अवलंबून असे. दसऱ्याला पाटीपूजन होई, ते घरच्या मंडळींच्या देखत. अशा रीतीने घर आणि शाळा यांमध्ये भिंत म्हणावी अशी नव्हती. परंतु या चित्राने फार मोहून जाण्याचे कारण नाही. ही जवळीक थोड्याच घरांच्या वाट्याला आली होती. ज्यांना लेखणी पोटासाठी लागे, अशा ब्राह्मण, वाणी, सोनार आदी घरांतील मुलगे तेथे बसत. कुणब्याचे पोर क्वचित, मुलगी जवळजवळ नाहीच, आणि ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांना तर ओट्याची पायरीही वर्ज्य होती.

१८२० नंतरच्या काळात मुंबई इलाख्यात सरकारी आश्रयाच्या शाळा निघू लागल्या. एल्फिन्स्टनचे शिक्षणविषयक टिपण १८२४ चे. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी मराठी क्रमिक पुस्तके तयार करविली, शिक्षक तयार करविले. या नव्या शाळेबरोबर घर आणि शाळा यांच्यामध्ये कागद आला: हजेरीपट, दाखला, शेरेबुक. आणि कागदाबरोबर डेप्युटीसाहेब आले. इंग्रजी अमदानीत अधिकाऱ्यांच्या फिरतीचा हंगाम थंडीचा असे; वाटा कोरड्या, नद्यांना उतार आणि तंबूत राहणे सुखाचे. मुलांना धुतलेले कपडे घालून शाळेत पाठविण्याची घाई घरोघर उडे ती अशा तपासणीच्या दिवशी. बापाला एरवी शाळेत पाऊल टाकण्याचे कारण पडत नसे. त्या दिवशी मात्र तो दाराशी उभा राहून आपला पोरगा काय उत्तर देतो ते कान देऊन ऐके. आजच्या बक्षीससमारंभाची एक मुळी या तपासणीत आहे.

दुसरी मुळी याहून अधिक महत्त्वाची आहे आणि ती पुण्यात सापडते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत पुण्यात मुलींच्या आणखी शाळा निघाल्या. अस्पृश्य मानलेल्या समाजासाठीही शाळा निघाल्या. लोकमत किती प्रतिकूल होते ते सर्वश्रुत आहे. घर सोडावे लागले, रस्त्यात शिव्याशाप ऐकावे लागले. अशा परिस्थितीत या शाळा चालविणाऱ्यांनी दारे लावून शिकविण्याचा मार्ग धरला नाही. त्यांनी मुलींच्या परीक्षा जाहीरपणे घेतल्या. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. त्यानंतर १८५३ च्या फेब्रुवारीत पुण्यात या शाळांतील दोनशेवर मुलींची परीक्षा झाली, ती पाहावयास लोकांची मोठी गर्दी लोटली.

या दोन्ही गोष्टी हिवाळ्यातल्या आहेत, हा योगायोग सोडून देऊ. त्यांतील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. मुलीने वाचले तर घरावर अरिष्ट येते, अशी ज्या समाजाची समजूत, त्याच समाजासमोर मुलगी उभी राहून धडा वाचते, गणित सोडविते आणि तिच्या घरावर काही कोसळत नाही, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. शंभर व्याख्यानांनी जे साधले नसते ते अशा एका दुपारने थोडेबहुत साधले असेल. आज संमेलनात एखादी चिमुरडी घोटाळत घोटाळत चार वाक्ये बोलते आणि तिची आई पदराने डोळे टिपते, तेव्हा त्या दृश्यामागे ही परंपरा उभी आहे. मूल शिकते आहे, हे घराला दाखविणे हा शिक्षणाचाच भाग होय.

तथापि शहरातल्या परीक्षेने खेड्यातला प्रश्न सुटत नव्हता. तो प्रश्न स्पष्ट शब्दांत कोणी मांडला असेल तर तोही जोतीरावांनीच. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले, त्यात शेतकरी वर्ग शाळेपासून दूर का राहतो याची दोन कारणे त्यांनी दिली. पहिले, पराकाष्ठेचे दारिद्र्य. दुसरे, गुरे राखण्यासाठी आणि शेताकडे लक्ष ठेवण्यासाठी मुलांची लागणारी गरज. त्यांनी शेतकऱ्याला आळशी म्हटले नाही, अज्ञानी म्हणून हिणविले नाही. घरचा हिशेब त्यांनी ओळखला होता. म्हणून त्यांनी उपायही दुहेरी सुचविला: प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, आणि त्याबरोबरच मुले शाळेत यावीत म्हणून शिष्यवृत्त्या व सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे ठेवावीत. सरकारी तिजोरीत पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्यांना, हा त्यांचा आरोप होता. १८६० नंतरच्या दशकात सारापट्टीच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा कर बसला होता व त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी होता. म्हणजे ज्या कुणब्याचे पोर शाळेत नव्हते, तोही शाळेसाठी पैसे भरतच होता.

शहरातील श्रोत्यांना शेतकऱ्याच्या घरचा हा हिशेब थोडा उलगडून सांगणे अवश्य आहे. देशावर खरीप निघतो आणि रब्बी पेरली जाते ती दिवाळीच्या आगेमागे. बाजरीची कणसे खुडून खळ्यावर येतात, भुईमूग उपटला जातो. खानदेशात आणि वऱ्हाडात कापसाची वेचणी लागते आणि बोंडातून कापूस वेचायला लहान बोटे चपळ ठरतात. मार्गशीर्ष-पौषात ज्वारी हुरड्यात आली की, माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकायला कोणी तरी हवे. ते काम पोरासोरांचे. उभ्या पिकात गुरे शिरू नयेत म्हणून राखोळीला कोणी तरी हवे; तेही काम त्यांचेच. आई कामावर गेली की धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण हवी. आपण हुरडा पार्टीला जातो, तेव्हा त्या कणसाची राखण करणारे पोर कोणत्या इयत्तेत होते आणि किती दिवस शाळेत गेले नव्हते, हे विचारावयाचे आपल्याला सुचत नाही.

या अडचणीवर राज्यकर्त्यांनी व लोकनेत्यांनी जो पहिला मोठा उपाय योजला तो सक्तीचा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात प्रयोगादाखल सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व संस्थानभर लागू केले. ब्रिटिश हिंदुस्थानात नामदार गोखले यांनी १९११ साली विधेयक आणले. ते फार बेताचे होते. सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरते, तेही स्थानिक संस्थांनी मनावर घेतले तर. आणि ज्या पालकाचे उत्पन्न दरमहा दहा रुपयांपेक्षा जास्त नाही, त्याच्याकडून फी घेऊ नये अशी त्यात तरतूद होती. तरीही १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोधकांत केवळ सरकारी सभासद नव्हते. पोरे शाळेत गेली तर शेतीला मजूर कोठून आणावयाचे, ही धास्ती घेतलेले आपलेच लोकही होते. पुढे १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांपुरता कायदा झाला, १९२३ साली त्याची व्याप्ती वाढली आणि १९४७ साली नवा प्राथमिक शिक्षण कायदा आला.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. त्या काळच्या मजुराला एक रुपया म्हणजे कित्येक दिवसांची कमाई. या कठोरपणाबद्दल महाराजांना दोष देणे सोपे आहे. परंतु ज्या राजाने जातिजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली, त्याला गरिबाची अडचण कळत नव्हती असे कोण म्हणेल? त्यांची सक्ती एकटी नव्हती. तिच्या मागे वसतिगृह होते, फीमाफी होती, नोकरीतील राखीव जागा होत्या. घराकडून मूल मागताना त्यांनी घराच्या पदरात काही टाकले. नुसत्या सक्तीचे कायदे जेथे झाले तेथे काय घडले, हे आपल्या जुन्या शिक्षकांनी पुरेपूर पाहिले आहे. जूनमध्ये पट भरतो, मार्गशीर्षात वर्ग रिकामा होतो, आणि मास्तर हजेरीपटावर पेन्सिल ठेवून विचार करीत बसतात की, आता 'ग' मांडावा की डोळेझाक करावी. पालक दंड भरीत नाही, मूलही येत नाही.

म्हणून दुसरी वाट शोधणारी माणसे पुढे आली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. ज्या खेड्यांत सरकारची शाळा पोचत नव्हती, तेथे संस्थेने पुढे शेकडो व्हॉलंटरी शाळा चालविल्या. कष्ट करून शिकावे, हा त्यांचा बाणा होता. हातात खोरे घेतलेल्या मुलाला त्यांच्या वसतिगृहात लाज वाटत नसे. घरी जे काम मुलगा करतो त्या कामाला शाळेत प्रतिष्ठा मिळाली, हे शेतकऱ्याच्या मनाला भिडले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी आणि पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने जी नई तालीम मांडली, तिचाही रोख असाच होता. सूत, माती, शेत यांतूनच गणित आणि भाषा शिकवावी. कापसाच्या मुलखात कापूस हेच पुस्तक झाले. यावर पुष्कळ पालकांनी आक्षेप घेतला की, काम तर पोर घरीही करते, शाळेत त्याने अक्षर शिकावे. हा आक्षेप अगदीच चुकीचा होता असे आम्हांस वाटत नाही. गरीब बापाला शाळेकडून जे हवे होते ते त्याच्या घरी नसलेले काही तरी होते.

घराकडे सर्वांत जवळ जाण्याचे धाडस ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर झाले. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले होते. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला होता. १९४५ साली त्या बोर्डी येथे आल्या आणि त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शहरातल्या बालमंदिराचा साचा घेऊन त्या खेड्यात गेल्या असत्या तर फार तर सुखवस्तू घरची मुले मिळाली असती. गरीब वस्तीतील मुले बोलावूनही येईनात. तेव्हा शाळाच उठून त्यांच्या अंगणात गेली. मुलांना न्हाऊ घालणे, केस विंचरणे, गाणे, गोष्ट, खेळ हे सारे आईच्या देखत, तिच्याच दारात. यातून 'अंगणवाडी' हा शब्द व ही संस्था जन्मास आली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली व त्यातून अंगणवाडी गावोगाव पोचली. परंतु मूळ कल्पनेतील जीव हा की, शिक्षण घडताना आई तेथे हजर आहे.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुलांचा प्रश्न अधिक अवघड होता. मुलगा गुरांमागे रानात आणि मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरात. ताराबाई-अनुताईंनी या दोन्ही अडचणींना दोन उत्तरे काढली. गुरे जेथे चरतात तेथेच शिक्षकाने जावे, झाडाखाली धडा व्हावा, हीच कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवावी, म्हणजे थोरलीने धाकट्याला पाळण्यात सोपवून वर्गात बसावे, हीच विकासवाडी. १८८२ साली जोतीरावांनी सांगितलेली अडचण, गुरे राखणारे मूल, तिला पाऊणशे वर्षांनी मिळालेले हे उत्तर आहे. यात दंड नाही. घरच्या कामाची वेळ व जागा समजून घेऊन शाळेने आपली वेळ व जागा बदलली आहे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. मानसन्मान पुष्कळ झाले. पण कुरणशाळेचे तत्त्व आपण आपल्या नेहमीच्या शाळांत कितीसे मुरविले, याचा जमाखर्च अजून लागावयाचा आहे.

आता आपल्या संमेलनाकडे पुन्हा वळू. वर सांगितलेल्या इतिहासाच्या प्रकाशात पाहिले असता संमेलन, क्रीडास्पर्धा, तिळगुळाचा समारंभ ही घराने शाळेत येण्याची वाट आहे. जी आई पालकसभेच्या चिठ्ठीला घाबरते, कारण चिठ्ठी म्हणजे तक्रार असा तिचा अनुभव, ती हळदीकुंकवाला येते. जो बाप कधी शाळेत शिकला नाही, तो रंगमंचासाठी बांबू रोवायला येतो, कनाती बांधतो, आणि त्या निमित्ताने मास्तरांशी चार शब्द बोलतो. त्या चार शब्दांत पोराच्या डोळ्यांना फळा दिसत नाही ही गोष्टही निघते आणि घरी रात्री दिवा नाही हीसुद्धा. हजेरीपटावर जे कधीच लिहिले जात नाही ते कनात बांधताना कळते.

पण या वाटेवर आपणच काटे पसरतो. पाचपन्नास चुणचुणीत मुले निवडायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, असे संमेलन पुष्कळ शाळांत होते. पोशाखाचा खर्च पालकांवर टाकला जातो. ज्याला तो झेपत नाही, त्याचे पोर 'ताप आला' म्हणून त्या दिवशी घरी राहते. पाहुण्यांची भाषणे इतकी लांबतात की, पहिलीतील फूल झालेली मुले पडद्यामागेच झोपी जातात. जुन्या जाहीर परीक्षेत निदान प्रत्येक मुलीला उभे राहावे लागे. संमेलन हे घराला आपले मूल दाखविण्यासाठी असेल, तर ज्या घराचे मूल कधीच रंगमंचावर येत नाही, त्या घराला आपण काय सांगत असतो?

आणि याहून मोठा प्रश्न आहे तो जे घरच गावात नाही त्याचा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली ती गोष्ट महाराष्ट्राच्या अभिमानाची आहे, आणि आम्ही तो अभिमान कमी लेखीत नाही. पण गाळपाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे शाळेचा सबंध हिवाळा त्यात बुडतो. बीड जिल्ह्यातून, जालना व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतून हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात आणि दिवाळी होताच पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयता दोघांचा मोजला जातो. पण त्याच्याबरोबर फडात जाणारी मुले कोणी मोजीत नाही. थोरले पोर पाणी आणते, वाढे गोळा करते, कोपीपाशी धाकट्याला सांभाळते. ज्या दिवशी त्याच्या गावातल्या शाळेत धावण्याची शर्यत असते, त्या दिवशी ते शेकडो मैलांवर उसाच्या पाचटात अनवाणी धावत असते.

या मुलांसाठी काहीच झाले नाही असे नव्हे. कारखान्यांच्या आसपास साखरशाळा निघाल्या. मूळ गावी हंगामी वसतिगृहे काढून मुलांना आजीआजोबांजवळ वा शेजाऱ्यापाजाऱ्यांत ठेवण्याची सोय करण्यात आली. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना मुलाचा धागा तुटू नये म्हणून शिक्षण हमी कार्डाची योजना आली. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने तर स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. त्याच कलमात शाळेचे वार्षिक वेळापत्रक ठरविण्याचे कामही त्यांच्याकडे दिलेले आहे. एका बाबतीत हा कायदा कोल्हापूरच्या १९१७ च्या हुकुमापासून फार दूर आला आहे: मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे, परंतु कसूर झाल्यास त्याला दंड ठेविलेला नाही. बोजा सरकारवर आणि शाळेवर आहे. शिक्षकाने पालकांच्या नियमित भेटी घ्याव्यात हेही त्यात लिहिले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे.

कागदावर याहून चांगले काय मागावे? परंतु क्षणभर ऊसतोडकऱ्यांच्या एखाद्या गावात मनाने उभे राहून पाहावे. डिसेंबर महिना आहे. समितीची सभा बोलवावयाची आहे. सभासद पालक फडात, सभासद माता फडात. संमेलनाची तारीख ठरते, मंडप पडतो, आणि सतरंजीवर बसतात त्या गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्या. वसतिगृहात राहिलेल्या मुलीने पाठ केलेली कविता ती म्हणते, टाळ्या पडतात, तिची आई मात्र त्या वेळी मोळी बांधीत असते. कुटुंबाचा सहभाग हा शब्द आपण किती सहज वापरतो! ज्या कुटुंबालाच सहा महिने एका जागी राहता येत नाही, त्याने सहभाग कोठून द्यावा?

येथे ताराबाई मोडकांची शिकवण उपयोगी पडते. घर येऊ शकत नसेल तर शाळेने जावे. घराची वेळ वेगळी असेल तर शाळेने वेळ बदलावी. गावी कुटुंबे असतात ती दसऱ्याच्या आधी आणि पाडव्यानंतर. ज्या गावांचा निम्मा पट फडात जातो, तेथे संमेलन आणि पालकांचा मेळावा डिसेंबरातच घेण्याचा हट्ट कोणासाठी? वेळापत्रक ठरविण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. तो वापरून ही घरे गावात असतील त्या वेळी उत्सव करता येईल. फडाजवळच्या शाळांना आपल्या आवारात या मुलांना तीन महिन्यांचे पाहुणे न मानता आपले विद्यार्थी म्हणून खेळात, तिळगुळात आणि प्रभातफेरीत सामील करून घेता येईल. संध्याकाळी कोपीपुढे जाऊन एखाद्या शिक्षकाने त्या आईला सांगावे की, तुमच्या मुलीने आज दोन अंकी बेरीज केली. याला सरकारी मंजुरी लागत नाही. असे करणारे शिक्षक आहेत. त्यांची नावे संमेलनाच्या पत्रिकेवर छापली जात नाहीत, एवढेच.

श्रोतेहो, हा प्रश्न खेड्याचा आहे, आपण शहरातील माणसे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. आपल्या चहात पडणारी साखर त्या फडातून येते, हे एक उत्तर झाले. पण दुसरे उत्तर अधिक जवळचे आहे. शहरातही हिवाळा हा इमारतींच्या बांधकामाचा आणि वीटभट्ट्यांचा हंगाम असतो. आपल्या पाल्याच्या संमेलनाला आपण पुढल्या रांगेत बसतो, त्या वेळी त्याच शाळेच्या पटावरील काही नावे गैरहजर असतात. बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत, भट्टीच्या कडेला किंवा घरकामाला गेलेल्या आईच्या मागे ती मुले असतात. पालक म्हणून आपण आपल्या मुलाचे काम पाहावे, त्याला शाबासकी द्यावी, हे योग्यच आहे. पण व्यवस्थापन समितीत वा पालकसंघात ज्यांना बसता येते, त्यांनी आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: आज कोण आलेले नाही आणि का?

हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. १८८२ साली जोतीरावांनी तो विचारला, तेव्हा त्यांच्यापाशी सत्ता नव्हती. बोर्डीला ताराबाईंनी तो विचारला, तेव्हा त्यांच्यापाशी इमारतही नव्हती. दोघांनीही उत्तरासाठी घराकडे बोट दाखवून थांबण्याऐवजी घराच्या दारापर्यंत जाण्याचे कष्ट घेतले. येत्या हिवाळ्यात आपल्या वस्तीतील प्राथमिक शाळेच्या मैदानावर पुन्हा फक्कीच्या रेघा पडतील. त्या वेळी गुरुजींकडून हजेरीपट मागून घ्यावा, ज्या नावांपुढे महिनाभर 'ग' पडला आहे ती चार नावे टिपून घ्यावीत, आणि सामने सुरू होण्यापूर्वी त्या चार घरी जाऊन यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.